दुखणं आणि चाल

 

संयोजकांनी फोन केला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी एखाद्या मोहिमेबद्दल बोलावं. सीमेवरचे किस्से, बर्फ, गोळीबार वगैरे. मी म्हटलं, मी चालण्यावर बोलतो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, चालणं म्हणजे मॉर्निंग वॉक का? म्हटलं, नाही, दुखणं घेऊन माणूस कसा चालतो, आणि ते बघणारे आपण काय समजतो, त्यावर.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झालो आणि फौजेत गेलो. बत्तीस वर्षं पायदळात काढली. माझे आजोबा सातारकडून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले, ती फॅक्टरी १९०४ ची. तेव्हापासून आम्ही जबलपूरचे. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या इथे भाजीवाल्याशी हिंदी, देवाशी मराठी आणि कुत्र्याशी इंग्रजी अशी वाटणी असते.

फौजी माणसाचा कान चालीवर तयार होतो. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं आणि पाऊल ३० इंचांचं. शंभर जवान एका तालात चालले की जमिनीतून एकच आवाज येतो. त्यात एकाचं पाऊल चुकलं तरी ड्रिल उस्तादाला पाठ फिरवून उभा असताना कळतं. निवृत्तीनंतर ही सवय गेली नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या रिज रोडवर मी सकाळी फिरतो, मध्ये बाकावर बसतो. मागून कोण येतंय ते मला न बघता समजतं. बहुतेकांचा आवाज टप-टप-टप असा सारखा. पण काहींचा टप-टाऽप, टप-टाऽप. म्हणजे एका पायावर माणूस कमी वेळ थांबतो आणि दुसऱ्यावर जास्त.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. ज्या पायात दुखतं त्याचा जमिनीवरचा वेळ शरीर कापून घेतं. तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय पडल्यासारखं, टेकवला की लगेच उचलला. याला डॉक्टर ‘अँटॅल्जिक गेट’ म्हणतात, आपण लंगडणं म्हणतो. ही सगळ्यात प्रामाणिक चाल. पायात काटा मोडला, लंगडलो, काटा काढला, सरळ झालो. कुणाला शंका येत नाही.

अडचण सुरू होते ती दुखणं महिनोन्‌महिने टिकतं तेव्हा. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणायची वैद्यकातली रीत आहे. या दुखण्यातली चाल काट्यासारखी सरळ नसते. ती सकाळी एक, संध्याकाळी एक. आज बरी, उद्या वाईट. आणि बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. मराठीत ‘चाल’ म्हणजे चालणं आणि ‘चाल’ म्हणजे डावही. माझ्या हातून जी चूक झाली ती या दोन अर्थांची गल्लत करूनच झाली.

१९९१ साल. मी मेजर होतो, एका कंपनीचा कमांडर. कंपनीत आपल्याकडचाच, घाटावरचा एक शिपाई होता. वय तेवीस-चोवीस. भरतीला आला तेव्हा पळण्यात पहिल्या पाचांत. तो हळूहळू सकाळच्या पीटीला मागे पडायला लागला. साडेपाचला फॉलइन व्हायचं तर हा बराकीतून असा यायचा की जणू पाठीला फळी बांधलीये. कमरेतून वाकत नाही, पावलं आखूड, वळायचं झालं तर अख्खा माणूस वळतो. एमआय रूममध्ये जायचा, दोन दिवस पीटी माफ करून घ्यायचा. एक्स-रे काढला, त्यात काही नाही.

आणि तोच शिपाई संध्याकाळी चार वाजता व्हॉलीबॉलच्या नेटवर उड्या मारायचा. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून मैदान दिसायचं. मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, एकदा नाही, आठवडाभर बघितलं. सकाळी म्हातारा, संध्याकाळी वाघ. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

फौजेत याला नाव आहे, कायदाही आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४६. आजाराचं सोंग घेणं हा लज्जास्पद वर्तनात मोडणारा गुन्हा, कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मी तिथवर गेलो नाही. मला वाटलं मी दयाळूपणा करतोय. सात दिवस पिठ्ठू दिला. म्हणजे पाठीवर भरलेली पिशवी बांधून भल्या पहाटे मैदानाच्या फेऱ्या.

मी पहिल्या दिवशी बघायला उभा होतो. पहिली फेरी त्यानं ओढत काढली. दुसरीत जरा मोकळा झाला. तिसऱ्या फेरीनंतर तो चक्क सरळ चालायला लागला, पळायलाही लागला. मी सुभेदारसाहेबांकडे वळून म्हणालो, "देखा साब? दवा लग गई." सुभेदारसाहेब हसले नाहीत. ते मला तेव्हा खटकलं होतं.

त्याच्या कागदांत मी शेरा लिहिला, काम टाळण्याची प्रवृत्ती. त्या शेऱ्यामुळे त्याला प्रमोशन कॅडरला पाठवलं गेलं नाही. वर्षभरानं माझी बदली झाली आणि मी त्याला विसरलो.

दोन वर्षांनी सुभेदारसाहेबांचं दिवाळीचं पत्र आलं. खाली चार ओळी होत्या. त्या शिपायाचा डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना. त्याला मोठ्या हॉस्पिटलात डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळ्याच्या त्या डॉक्टरनं डोळा तपासून विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? किती वेळ? हालचाल केल्यावर बरं वाटतं की पडून राहिल्यावर?" इतकी वर्षं त्याच्या कमरेवर बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांपैकी कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. निदान झालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस.

हे नाव लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरातही एखादा विशी-तिशीतला मुलगा असू शकतो. मुलींनाही होतो. हा सांध्यांच्या सुजेचा आजार. कमरेच्या मागे, मणका जिथे खुब्याच्या हाडांना जोडलेला असतो त्या सांध्यांत सूज सुरू होते आणि वर मणक्यात सरकत जाते. वर्षं गेली की मणके एकमेकांना जुळून जातात, पाठीचा बांबू होतो. आणि याची खासियत अशी, की आपल्या नेहमीच्या पाठदुखीच्या उलट हा वागतो. साधी कंबर काम केल्यावर दुखते, पडल्यावर बरी वाटते. हा आजार पडून राहिल्यावर दुखतो. रात्री तीन-चारला झोपेतून उठवतो, सकाळी अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त आखडून टाकतो आणि हालचाल केली की सैल होतो. सुरुवातीची काही वर्षं एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. काहींना डोळ्याच्या आतला भाग सुजतो. एचएलए-बी२७ नावाच्या जनुकाशी याचा संबंध आहे हे १९७३ मध्येच कळलं होतं. आज एमआरआयमध्ये सूज लवकर दिसते आणि औषधंही पुष्कळ पुढे गेली आहेत. तरीही जगभर निदानाला वर्षं लागतात, कारण तरुण माणूस, एक्स-रे चांगला, संध्याकाळी खेळतो. म्हणजे काय असणार!

तर सकाळी म्हातारा आणि संध्याकाळी वाघ, हा त्याच्या लबाडीचा पुरावा नव्हता. ते त्या आजाराचं लक्षण होतं. मी पुरावा बरोबर गोळा केला होता, खिडकीत बसून, तारीखवार. निकाल मात्र उलटा लावला.

ते पत्र मी घडी करून ठेवून दिलं. उत्तर पाठवलं त्यात दिवाळीच्या शुभेच्छा लिहिल्या. शिपायाला पत्र लिहिलं नाही.

पुढे माझी पाळी आली. २००४ साली पहाडात जिप्सी एका खड्ड्यात आदळली आणि कमरेतून डाव्या पायात वीज गेली. मणक्यांमधली गादी सरकली होती. त्या वर्षी माझा प्रमोशन बोर्ड होता. फौजेत तब्येतीची श्रेणी असते, तिला ‘शेप’ म्हणतात. मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे अशी पाच खाती, सगळीकडे एक आकडा असेल तर शेप-वन, तंदुरुस्त. एक खातं घसरलं की लो मेडिकल कॅटेगरी. मग मी काय केलं? लपवलं. गोळ्या घेऊन परेडला उभा राहिलो. त्या पोरानं नसलेलं दुखणं दाखवलं असं मी म्हटलं होतं, मी असलेलं दडवलं. पहिल्यासाठी कायद्यात कलम आहे, दुसऱ्यासाठी मेसमध्ये शाबासकी मिळते.

पण चाल लपत नाही. माझ्या बायकोनं पकडलं. एकदा सुट्टीत घरी आलो, फाटकापासून दारापर्यंत चालत आलो तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, तुमचे हात का हलत नाहीयेत?"

मी तोवर हाताकडे लक्षच दिलं नव्हतं. नीट बघा, निरोगी माणूस चालतो तेव्हा उजवा पाय पुढे जातो तसा डावा हात पुढे येतो. कंबर एका दिशेला थोडी वळते, खांदे उलट दिशेला. कपडा पिळतो तसा धडाला हलकासा पीळ पडतो आणि सुटतो. वेग वाढला की हा पीळ आणखी स्पष्ट होतो. कंबर दुखणाऱ्या माणसात शरीर हा पीळच बंद करून टाकतं. खांदे आणि कंबर एकत्र, एका फळीसारखे वळतात, पाठीचे स्नायू सतत ताठ राहतात, पाऊल आखूड होतं, वेग कमी होतो. नेदरलँडमधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलंय. रिक्रूट पहिल्या आठवड्यात घाबरून उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे काढतो आणि उस्ताद त्याच्या नावानं शंख करतो. तसं अगदी नाही, पण त्याच गावाला जाणारं.

सुरुवातीला हे चांगलंच असतं. जखमी भागाला हलू न देणं म्हणजे पहारा बसवणं. पण पहारेकऱ्याला परत बोलवायचा हुकूम कुणी देत नाही. दोन वर्षांनी पुन्हा एमआरआय केला तर सरकलेली गादी बरीचशी आकसली होती. असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, शरीर तो भाग शोषून घेतं. कागदावर मी बरा. चाल मात्र फळीचीच. आणि आता दुखत होतं ते त्या ताठ स्नायूंमुळे, सांध्यांना हालचाल न मिळाल्यामुळे, आणि खरं सांगायचं तर भीतीमुळे. खाली पडलेली किल्ली उचलायलाही मी आधी दोन सेकंद श्वास रोखायचो.

जुनं दुखणं म्हणजे नुसतं बिघडलेल्या भागाचं मोजमाप नव्हे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांनी विचारल्यावर सांगितलं की दुखणं थांबवायचं औषध नको. जखम मोठी, दुखणं कमी. त्यानं ते १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार असतं, खालून येणारा दुखण्याचा निरोप ते कमीजास्त उघडून वर सोडतं, आणि मेंदूही त्या दाराला वरून हुकूम देतो. म्हणजे जखम लहान आणि दुखणं मोठं हेही तितकंच खरं असू शकतं. महिनोन्‌महिने निरोप येत राहिले की हे सगळं तंत्रच हळवं होतं. चोर कधीच गेला, पण घंटा मांजर चाललं तरी वाजते. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिनं १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्यासोबतच्या टिपांमध्ये साध्या शब्दांत म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. मी हे वाचलं तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. भाजी आणायला सांगितली तर दोनशे पावलांत पायात गोळे येतात, मांड्या जड होतात, दुकानाच्या पायरीवर बसावं लागतं. पण सायकलवर ते रांझीपर्यंत जाऊन येतात. घरात यावरून महाभारत. मुलगा म्हणायचा, "मित्रांकडे जायचं तर पाय दुखत नाहीत बाबांचे."

एके दिवशी मी त्यांना सायकल हातात धरून चालताना बघितलं. हँडलवर ओणवून छान चालत होते, अर्धा किलोमीटर सहज. त्यांना म्हटलं, सायकल सोडून चाला. सरळ उभे राहून चालले आणि दीडशे पावलांत थांबले. याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. उतारवयात मणक्यातली नसांची जागा अरुंद होते. सरळ उभं राहिलं की आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो. मॉलमध्ये ढकलगाडीवर रेलून तासभर फिरणारे आणि रस्त्यावर दहा मिनिटांत बसणारे बघितलेत ना, त्यातले काही हे असतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो आणि सायकलनंही दुखतं. फरक डॉक्टरच ठरवतील, पण तुम्ही त्यांना नेमकं काय सांगता यावर त्यांचं अर्धं काम अवलंबून असतं. ‘पाय दुखतात’ एवढंच सांगू नका. किती पावलांनी, उभं राहून थांबतं की बसून, चढावर जास्त की उतारावर, हे सांगा. मुलानं नंतर वडिलांना स्वतः डॉक्टरकडे नेलं. महाभारत संपलं की नाही ते मला माहीत नाही, पण भाजी आता सुनबाई आणतात.

नागपूरच्या माझ्या एका भाचीला फायब्रोमायल्जिया आहे. सगळं अंग दुखतं, झोप लागत नाही, रक्त-बिक्त सगळं नॉर्मल. तिची चाल संथ, पावलं लहान. तिच्या सासरी यावर काय बोललं गेलं ते इथे सांगत नाही. तुम्ही ओळखलं असेल.

आणि आमच्या घरचे गुडघे. बायकोचे. गुडघ्यात यंत्र बसवून मोजलंय लोकांनी, सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणून गुडघेदुखीचा माणूस सपाटीवर नाही तर जिन्यावर सापडतो. आपल्याकडे बहुतेकांचा गुडघा आतल्या बाजूनं झिजतो. मग शरीर युक्ती करतं. दुखऱ्या बाजूला धड झुकवून चालतं, पाऊल थोडं बाहेर फिरवतं, गुडघा कमी वाकवतं. बाई डुलत चालतात असं लोक म्हणतात. त्या डुलण्यानं आतल्या बाजूचा भार खरंच थोडा कमी होतो. पण त्याचं बिल नंतर कंबर भरते.

ग्वारीघाटावर गेलं की मी नर्मदेपेक्षा पायऱ्यांवरच्या लोकांना जास्त बघतो, बायको रागावते. परिक्रमेला महाराष्ट्रातून पुष्कळ लोक येतात. पुण्याचे, नाशिकचे, आमच्या विदर्भातले. निम्मे साठीच्या पुढचे. दहा-बारा दिवस चालून आलेल्यांच्या चालीत सगळं पुस्तक वाचता येतं. कोणी पायऱ्या आडव्या उतरतो, कोणाची टाच टेकत नाही, कोणी काठी धरलीये पण चुकीच्या हातात. हे एवढं ऐकाच. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबर ती पुढे टाकायची. सिनेमात सगळे नट दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्यांच्याकडून शिकू नका. हात सरळ खाली सोडला की मनगटाची घडी येते तेवढी काठीची मूठ उंच हवी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका काकूंना मी घाटावर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चाळीस दिवस झाले हो, आता सांगताय?"

परिक्रमेवरून आठवण झाली. आमच्या जबलपूरचे अमृतलाल वेगड. चित्रकार, लेखक, २०१८ मध्ये गेले. त्यांनी १९७७ साली, पन्नाशीला टेकल्यावर नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली. पण सलग नाही. काही दिवस चालायचे, घरी परत यायचे, पुढच्या वेळी जिथे सोडलं तिथून पुढे. असं तुकड्यातुकड्यानं वर्षानुवर्षं. त्यांना दुखणं होतं म्हणून नव्हे, संसार आणि नोकरी होती म्हणून. पण मला माझ्या फिजिओथेरपिस्टनं जे शिकवलं ते हेच होतं. बरं वाटलं त्या दिवशी पाच किलोमीटर आणि मग चार दिवस अंथरुणात, हा फौजी खाक्या सोडा. दुखो वा न दुखो, ठरलेलं अंतर चालायचं, थांबायचं, आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. मी आठ मिनिटांपासून सुरू केलं. कर्नल असलेला माणूस आठ मिनिटं चालून परत येतो, शेजारी काय म्हणतील, हेच पहिले पंधरा दिवस डोक्यात. त्या पोरीनं माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या दिल्या आणि म्हणाली, हात झुलू द्या, पाय आपोआप येतील. बत्तीस वर्षं ज्यानं इतरांना हात हलवायला लावले त्याला बावीस वर्षांची पोरगी हात हलवायला शिकवत होती.

ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर एक प्रयोग झाला, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या निम्म्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे लक्ष्य. बाकीच्यांना काही विशेष दिलं नाही. न चालणाऱ्यांत दुखणं परत यायला मध्यमान ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. दुखणं कायमचं गेलं नाही, लांबलं. मला हा आकडा आवडतो कारण तो चमत्काराचं आश्वासन देत नाही.

एक इशारा देऊन ठेवतो, कारण या सगळ्यात काही जण ‘चालून बरं होईल’ म्हणत बसतील. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा आला, पाऊल उचललं जात नाही आणि चप्पल घसटते, ताप किंवा विनाकारण वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. चालत नाही, गाडीनं.

आता शेवटचं. २०१७ मध्ये मी त्या शिपायाला शोधलं. रेजिमेंटच्या जुन्या लोकांकडून गाव मिळालं. आधी फोन करणार होतो, धीर झाला नाही, सरळ गेलो. रस्त्याच्या कडेला उसाचा फड, पुढे घर. तो अंगणात उभा होता. मान वळत नाही त्याची. मी हाक मारली तर पाय उचलून सगळा वळला, १९९१ मध्ये वळायचा तसाच. पाठ पुढे वाकलेली, नजर जमिनीकडे, माझा चेहरा बघायला त्याला गुडघे वाकवून मागे रेलावं लागलं. तेवढ्या अवस्थेत त्यानं टाचा जुळवल्या.

चहा झाला. मी बोलायला आलो होतो ते बोललो. चुकलं माझं, म्हटलं. पिठ्ठू दिला, शेरा मारला, तुझा हुद्दा गेला. शिपाई म्हणूनच पेन्शनीवर आला तो. वरच्या ऑफिसला पत्र लिहितो, जे खरं आहे ते लिहून देतो, असंही म्हणालो. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, आता काय करायचंय." बराच वेळ कोणी बोललं नाही. त्याची बायको आत भांडी लावत होती, तिनं मात्र आवाज मुद्दाम मोठा केला असं मला वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

मग तोच म्हणाला, "एक सांगू का साहेब? त्या सात दिवसांत मला बरं वाटायचं. पिठ्ठू घेऊन तीन फेऱ्या झाल्या की कंबर सुटायची. मला वाटायचं, रोजच द्यावा. पण शिक्षा होती ना ती. बरं वाटतंय म्हणून कुणाला सांगणार?"

संध्याकाळी आम्ही दोघं बांधावरून चालत गेलो, तो पुढे, मी मागे. तो अजून रोज पहाटे चालतो म्हणाला, डॉक्टरनं सांगायच्या आधीपासून. माझे हात हलतायत की नाही ते मी बघत होतो.

 नर्मदे हर.